हिरव्या डोळ्याचा रेडिओ

१० मार्च १९६३, रविवार
आजपासून रोजनिशी. विषय एकच, रेडिओ. ऑफिस, तब्येत, नातेवाईक यांच्याबद्दल लिहायचं नाही.

आपल्याकडे रेडिओ आहे. लग्नात सासऱ्यांनी दिला. किसनराव अकोल्याला रेल्वेत गार्ड आहेत. सरळ माणूस, त्यामुळे रेडिओही सरळ. पाच वॉल्व्ह, म्हणजे आत तापणारे काचेचे दिवे, लाकडी कॅबिनेट, बटण फिरवलं की नागपूर. चार वर्षांत एकदाही बिघडला नाही. अडचण तीच आहे. जो रेडिओ बिघडतच नाही, त्याच्यापासून माणसानं शिकायचं काय.

मुंबईच्या एका कंपनीची जाहिरात पाहिली. नवी चासी. ज्या पत्र्याच्या पायावर रेडिओचे सगळे भाग बसतात ती चासी. म्हणजे रेडिओतला खरा रेडिओ तोच, बाकी सजावट. सहा वॉल्व्ह, तीन बँड, आणि समोर हिरवा डोळा. स्टेशन बरोबर लागलं की हा डोळा मिटत येतो. जुन्या सेटमधले वॉल्व्ह, स्पीकर, ट्रान्सफॉर्मर काढायचे आणि नव्या चासीवर बसवायचे. एका रविवारचं काम.

बायकोला, मैनाला, सांगितलं. ती म्हणाली, "चालू रेडिओले काय झालं?" काही झालेलं नाही, हे तिला पटवायला बराच वेळ गेला. पटल्यावर तिनं पुन्हा तेच विचारलं.

१७ मार्च, रविवार
ऑर्डर पाठवली. ऑफिसमधल्या एकाकडून रेडिओवरचं इंग्रजी पुस्तक आणलं. सुरुवातीचा बराच भाग थिअरी आहे. तो बांधकाम खात्यातल्या माणसाला लागत नाही. सरळ आकृत्यांवर गेलो. आकृत्या फार स्पष्ट आहेत. विशेषतः रंगीत.

उद्यापासून पहाटे पाचला उठून वाचन.

१८ मार्च
सव्वासातला उठलो. पुस्तक उशाशी होतं.

३ एप्रिल
पार्सल आलं. भुशातून चासी काढली आणि अंगातल्या सदऱ्यानंच पुसली, हे इथे लिहायला हरकत नाही. पत्रा आरशासारखा. आईनं हातात घेऊन फिरवून पाहिली. म्हणाली, "ताटाले भोकं कशाले पाडले?"

आईची भाषा आमच्या गावाची, भातकुलीची आहे. ती बदलण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

७ एप्रिल, रविवार
जुना सेट उघडला. मैना म्हणाली, नागपूरचा बायांचा कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग उघडा. तिला समजावलं की पुढच्या रविवारी हाच कार्यक्रम सहा वॉल्व्हवर ऐकशील.

दुपारपर्यंत सगळे भाग मोकळे. घमेल्यात ठेवले. कोणता भाग कुठला, हे लिहून ठेवायचं असं पुस्तकात आहे. पण ते ज्यांना लक्षात राहत नाही त्यांच्यासाठी. काही तारा फार लांब होत्या, त्या वेळ वाचावा म्हणून कापल्या.

शेजारचे खुशालराव डोकावले. तहसिलीत आहेत. गेल्या दिवाळीला त्यांनी रेडिओ विकत आणला, प्लग लावला आणि ऐकायला बसले. कुतूहल नावाची गोष्ट नाही. घमेल्याकडे पाहून म्हणाले, "देवमनराव, बिघडला काय?" मी नुसता हसलो.

९ एप्रिल
सोल्डरिंग आयर्ननं डाग देणं ही हाताची कला आहे. ती माझ्या हातात आहे. आज तीन डाग बसले. चौथा पायावर पडला. मैनानं खोबरेल लावलं.

१४ एप्रिल, रविवार
जयंती. सगळे भातकुलीला गेलो. डोमाजीमामा आईचे धाकटे भाऊ, आमची शेती तेच पाहतात. गावात मोठा मंडप. मामांनी आमच्या अमरावतीहून लाउडस्पीकर मागवला होता. मी सगळा वेळ लाउडस्पीकरवाल्याशेजारी थांबलो. त्याच्या वायरिंगमध्ये तीन चुका दिसल्या, दोन सांगितल्या. मग तो दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

आईनं बायांबरोबर जात्यावरची गाणी म्हटली. गाणी चांगली झाली असं सगळे म्हणतात. मी त्या वेळी अँप्लिफायरच्या मागच्या बाजूला होतो. मागून गाणं कळत नाही.

मंडपात नागपूर रेडिओचा एक माणूस आला होता. आईचं नाव-गाव लिहून घेऊन गेला.

सहा वॉल्व्हचं काम पुढच्या रविवारी पक्कं.

२२ एप्रिल
मोठी बातमी. नागपूर केंद्राचं आईला बोलावणं आलं. बुद्धपौर्णिमेला, आठ मेला, संध्याकाळी साडेसहाला स्त्रियांची गाणी. आधी टेपवर भरून ठेवणार नाहीत, बाई गाईल तेव्हाच लोक ऐकतील.

आई म्हणाली, "मले नाई जमत. त्या डब्ब्यासमोर कोणाकडे पाहून गाऊ?" मैनानं समजूत घातली. शेवटी ठरलं की मैना सोबत जाईल आणि मागून ओळ उचलेल. मैनाला ही गाणी पाठ आहेत. तिची आई ती लहान असतानाच गेली. ती बाई फार छान गायची, असं किसनराव कधीतरी सांगतात. मैना आमच्याकडे आल्यापासून पहाटे आईच्या समोर जात्याला बसते आणि गुणगुणते म्हणे. मी त्या वेळी झोपेत असतो.

मी जाहीर केलं की सर्वांनी आमच्याच घरी यायचं. किसनरावांना अकोल्याला आणि डोमाजीमामांना भातकुलीला पोस्टकार्डं टाकली. खुशालराव म्हणाले, आमच्याकडे या सारे, आमचा सेट तयारच आहे. मी म्हटलं, तुम्हीच आमच्याकडे या. फरक कळेल.

२६ एप्रिल
पहिली चाचणी, संध्याकाळी. स्विच दाबला. धूर फार नव्हता. घरमालकाचा फ्यूज गेला, मालक शिडी घेऊन आले. त्यांच्याशी शांतपणे बोललो. त्यांना विजेचं काही कळत नाही.

जळालेला भाग मीडियम वेव्हच्या, म्हणजे नागपूर लागतं त्या बँडच्या, कॉइलजवळ आहे. कॉइल वरून काळी झाली आहे. आतून ठीक असावी.

२८ एप्रिल, रविवार
सल्ला म्हणून नव्हे, गप्पा म्हणून जवाहर गेटजवळ चंद्रभानच्या दुकानात चासी घेऊन गेलो. रेडिओ मेकॅनिक अशी पाटी आहे. त्यानं एक वॉल्व्ह काढला, फुंकला, परत बसवला. मग दुसरा काढला. मग पहिला दुसऱ्याच्या जागी बसतो का पाहिलं. म्हणाला, "लग्नाचे दिवस चालू आहेत, भोंग्याचं काम गंज आहे, फुरसत नाई. जूनमदी आणा." त्याला काही कळलं नाही, आणि कळलं नाही हे त्यालाही कळलं नाही. अशा माणसांच्या हातात हा धंदा आहे.

घरी आल्यावर वॉल्व्ह पुन्हा जागेवर आणले. म्हणजे ज्या जागा असाव्यात त्या.

२९ एप्रिल
मैनानं विचारलं, जुन्याच चासीवर सगळं परत बसवता येणार नाही का. येईल, पण तारा कापलेल्या आहेत. शिवाय मागे जाणं हा माझा स्वभाव नाही.

१ मे
महाराष्ट्र दिनाची सुट्टी. दिवसभर काम. दुपारी चार वाजता सेटमधून पहिला आवाज. बारीक, सलग, घूंऽऽऽ असा. पुस्तकात याला हम् म्हणतात. काही लोक हा दोष समजतात. पण मेलेला सेट हम् करत नाही.

आईला हाक मारून ऐकवलं. ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली. म्हणाली, "डब्ब्यात माशी अडकली वाटते."

४ मे
संध्याकाळी आई माझ्याजवळ येऊन बसली. ती सहसा बसत नाही, उभ्यानंच बोलते. म्हणाली, "देवमन, तूबी चाल ना नागपूरले."

मी म्हटलं, मी आलो तर इकडे सेट कोण लावणार. वीस माणसं येणार आहेत.

"खुशालरावाच्या घरी आयकतीन लोकं."

मी म्हटलं, आई, तुझं गाणं पहिल्यांदा रेडिओवर येणार आणि तुझ्या मुलानं ते दुसऱ्याच्या सेटवर ऐकायचं, हे बरं दिसतं का.

ती म्हणाली, "तिथं काचेच्या खोलीत बसोतात म्हणे. समोर कोणी वळखीचं असलं तं आवाज निघते मायबाई." मी सांगितलं, डोळे मिटून माझ्या सेटची कल्पना कर. मी इथे हिरव्या डोळ्यासमोर बसलेला असेन.

तिनं घमेल्याकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली. पटलं असावं.

७ मे
आई आणि मैना सकाळच्या गाडीनं गेल्या. बडनेऱ्याच्या स्टेशनापर्यंत सोडायला जाणार होतो, पण एरियल बांधायचं राहिलं होतं. खुशालराव सोडून आले, त्यांना काही काम नव्हतं. मैनानं जाताना विचारलं, "तुमी नक्की आयकसान ना?" मी लिंबाच्या झाडावर होतो. वरूनच हो म्हटलं.

दोन बांबू बांधून एरियल इतकं उंच केलं आहे की पोस्टातले लोक पाहून गेले.

भाकरी पार्बताबाईंकडून आली. पार्बताबाई म्हणजे खुशालरावांच्या पत्नी.

८ मे, बुद्धपौर्णिमा. सकाळ
विहारात वंदनेला जायचं होतं. पांढरा सदरा काढून ठेवला होता. पण सोल्डरिंग आयर्न आधीच तापलं होतं.

हम् बराच कमी.

दुपार
यश. आत्ताच स्पीकरमधून माणसाचा आवाज आला. स्पष्ट, ठणठणीत. हिरवा डोळा पूर्ण मिटला. भाषा ओळखीची नाही. म्हणजे स्टेशन परदेशातलं, शॉर्ट वेव्हचं. ज्या सेटला समुद्रापलीकडचं ऐकू येतं, त्याला नागपूर म्हणजे शेजारचं घर. मीडियम वेव्हचं बटण फिरवलं तर अजून शांत आहे. संध्याकाळी हवा गार झाली की लागेल.

थोडा वेळ त्या आवाजासमोर नुसता बसून राहिलो. मैना असायला हवी होती.

संध्याकाळ, पाच
मंडळी जमू लागली. डोमाजीमामा भातकुलीहून सात-आठ माणसं घेऊन आले, सगळे पांढऱ्या कपड्यांत. किसनराव अकोल्याहून आले. जयभीम झाला. पार्बताबाईंनी खिरीचं पातेलं पाठवलं. किसनराव म्हणाले, "जवाईबापू, माहा रेडिओ दिसत नाई." मी म्हटलं, दिसत नाही पण आहे, याच्या आत आहे. त्यांनी वाकून पाहिलं. घमेल्यात उरलेले भाग मी धोतरानं झाकून ठेवले होते.

आठ वाजता, सगळे गेल्यावर
काय घडलं ते क्रमानं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

सहा वाजता सेट सुरू केला. मीडियम वेव्हवर शांतता. ही हवेची गोष्ट आहे. लोकांना ताटकळत ठेवणं बरं नाही म्हणून तोपर्यंत शॉर्ट वेव्ह लावली. तोच दुपारचा आवाज, आणखी मोठा. सर्वांनी मन लावून ऐकलं. खोलीत गरम होत होतं, तरी कोणी हललं नाही. डोमाजीमामांनी हळूच विचारलं, "हे नागपूरच व्हय ना?" मी म्हटलं, नागपूर याच्या नंतर.

थोड्या वेळानं किसनराव माझ्या कानाजवळ आले. म्हणाले, "जवाईबापू, हे चिनी असन." ते सरकारी नोकर, मीही सरकारी नोकर, चीनच्या लढाईपासून आणीबाणी चालू आहे. त्यांनीच उठून रस्त्याकडच्या आणि खुशालरावांकडच्या खिडक्या लावून घेतल्या. मी आवाज कमी करायला गेलो तर ते बटण निघून हातात आलं. आवाज होता तिथेच राहिला.

साडेसहाला एक बाई गाऊ लागली. चिनी असेल तर चिनी, पण सुरात होती. भातकुलीच्या मंडळींनी पदर सावरले, टोप्या नीट केल्या. डोमाजीमामा मान हलवत ऐकत होते. शेवटी आईचं नाव घेऊन म्हणाले, "सुंदराचा आवाज काहून असा बदलला?" कोणीतरी म्हणालं, नागपूरच्या पाण्यानं.

मी मीडियम वेव्हवर जाण्याचा प्रयत्न करत होतो.

तेवढ्यात पार्बताबाई दारात आल्या. म्हणाल्या, "इकडे चालू झालं ना, तुमी काय आयकून राहिले?" लोक एकेक करून उठले. जाताना कोणी सेटला धक्का लागू दिला नाही, हे त्यांच्या चांगुलपणाचं लक्षण. किसनरावांनी मला खूण केली, चला. मी म्हटलं, गार्डानं गाडी सोडायची नसते, तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण ते तोवर दाराबाहेर गेले होते.

मला वाटलं पाच मिनिटांत नागपूर धरेन आणि सगळ्यांना परत बोलावीन. खिडक्या बंद, सेट मोठ्यानं चालू, आणि मी चासीच्या खाली. खुशालरावांकडचं काही ऐकू आलं नाही. काळ्या कॉइलवर नवा डाग दिला. मग चीनही गेलं.

सात वाजता खिडकी उघडली. खुशालरावांकडे हवामान सांगत होते.

मंडळी परस्पर एसटी स्टँडवर गेली. फक्त किसनराव पिशवी घ्यायला आले. डोळे लाल होते. डाग देताना जळालेल्या राळेचा धूर खोलीत होताच. त्यांच्या रेडिओबद्दल ते बोलतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण तो विषयच निघाला नाही. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "आवाज मायचा घेतला, देवमनराव. हुबेहूब मायचा." एवढंच म्हणून पिशवी उचलली आणि रात्रीच्या गाडीनं अकोल्याला गेले. अर्थ लागला नाही. माणूस आता थकला आहे.

९ मे
शांतपणे विचार केला. सेट शॉर्ट वेव्हवर उत्तम चालला, याला वीस साक्षीदार आहेत. मीडियम वेव्हचा प्रश्न शिल्लक आहे. म्हणजे तीन बँडपैकी एकच बिघडला. ऑफिसात मी असंच सांगितलं.

आई उद्या येईल. तिला गाणं ऐकलं नाही असं सांगणं बरोबर नाही. पहिल्यांदा गायली, या वयात. मन मोडेल. ऐकलं असंच सांगायचं. ती काय गाते ते मला माहीत आहे, जात्यावरचंच गाते. तिचा आवाज मला माहीत नाही असं थोडंच आहे. खोटं बोलतो आहे असं मला वाटत नाही.

खुशालराव सकाळी भेटले. काहीतरी सांगायला आले होते, फार खूश दिसत होते. मी घाईत आहे म्हटलं. त्यांच्या तोंडून त्यांच्या सेटची तारीफ ऐकायची माझी तयारी नव्हती.

१० मे
हे आजच लिहून टाकतो.

दुपारी आई आणि मैना आल्या. आई दमलेली, आवाज घोगरा, गळ्याला फडकं. प्रवासाची धूळ. मैनानं चहा टाकला. आईनं विचारलं, "आयकलं काय रे?"

मी म्हटलं, ऐकलं म्हणजे काय. एक शब्द सुटला नाही. मग मी जरा खुलून बोललो. म्हटलं, आई, तुझा आवाज इतका मोकळा मी आयुष्यात ऐकला नाही. सुरुवातीला किंचित घाबरलीस, पण दुसऱ्या गाण्याला जो सूर लावलास त्याला तोड नाही. सहा वॉल्व्हवर तो नीट कळतो, पाचावर कळला नसता. डोमाजीमामा मान डोलवत होते. मागून मैना ओळ उचलत होती तीही बरी येत होती, थोडी हळू, पण मागच्यानं हळूच म्हणायचं असतं.

मैना चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

आईनं सगळं ऐकून घेतलं. बशीत चहा ओतला, फुंकर मारली. मग म्हणाली, "म्या नाई गायलं बाबू. त्या खोलीत गेली, लाल दिवा लागला, अन् घसाच बंद झाला. आवाजच निघे ना. मंग मैनानं गायलं. एकटीनं, सारं."

मी खिडकी उघडायला उठलो. खोलीत फार उकडत होतं.

आई म्हणाली, "त्या सायबानं इचारलं, कुठं शिकली बाई. सांगे, दरवाजात उभे राहून तिथले लोकं आयकत होते." तिनं उरलेला चहा प्यायला. "मले वाटलं होतं तू असता तं माहा आवाज निघाला असता. पन बरंच झालं, नाई आला ते. हिचं निघालं."

मैनानं माझ्यापुढे कप ठेवला. म्हणाली, "आवाज साफ आला ना पन?"

मी म्हटलं, हो.

ती आत गेली. तांदूळ निवडू लागली.

१२ मे, रविवार
मैना रागावलेली नाही. वेळेवर डबा देते, विचारलं तर उत्तर देते. अकोल्याहून किसनरावांचं पत्र आलं, ते तिनं तीनदा वाचलं आणि पदराला बांधून ठेवलं. रस्त्यानं जाताना बाया तिला थांबवतात. परवा घरमालकसुद्धा म्हणाले, "तुमच्या मंडळींनी कमाल केली." मी मान हलवली.

काल संध्याकाळी तिला म्हटलं, ते गाणं एकदा म्हणून दाखव. ती म्हणाली, "आता कोणतं? तुमी आयकलं ना." मी म्हटलं, तरी. ती म्हणाली, पोळ्या करायच्या आहेत.

खरं ते तिला सांगावं असा विचार आहे. योग्य वेळ पाहून. सांगायला तसं काही अवघड नाही, सुरुवात कशी करायची एवढंच ठरायचं आहे.

कॅबिनेट रिकामं आहे. आईनं त्यात लोणच्याची बरणी ठेवली. अगदी मापात बसली.

१५ मे
आज सांगायचं ठरवलं होतं. ऑफिसात काम जास्त होतं.

१६ मे
सांगितलं. जेवताना. म्हटलं, त्या दिवशी मीडियम वेव्हमध्ये तांत्रिक अडचण आली होती, त्यामुळे मला स्वतःला गाणं पूर्ण ऐकता आलं नाही.

मैना म्हणाली, "मले माईत हाय. आमी आलो तवाच पार्बताबाईनं दारात सांगितलं."

मी विचारलं, मग तू काही बोलली का नाहीस. तिनं भात वाढला. म्हणाली, "तुमी इतकं सांगून राहिले होते, म्हटलं सांगू द्या." आणि आईकडे पाहिलं. आई हसत होती, पण तोंड खाली घालून.

तिला म्हटलं, नागपूरवाले पुन्हा लावतील, तेव्हा ऐकीन. ती म्हणाली, ते पुन्हा लागत नाही. ती गायली तेव्हाच गेलं. भरून ठेवलेलं नव्हतं.

हे मला माहीत होतं. तसं पत्रातच लिहिलेलं होतं.

१९ मे, रविवार
चासी पोत्यात बांधून माळ्यावर टाकली. पुस्तक परत केलं.

दुपारी मैना आणि आई विहारात गेल्या. तिथल्या बायांनी मैनाला गायला बोलावलं आहे, फक्त बायांचं आहे. मी खुशालरावांकडे गेलो. ते झोपले होते. पार्बताबाई अंगणात कुरड्या वाळत घालत होत्या. मी म्हटलं, वहिनी, त्या दिवशी मैनानं काय गायलं होतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हसल्या नाहीत, हे बरं झालं. म्हणाल्या, "बसा."

मग पिठाचे हात पदराला पुसून त्यांनी म्हणून दाखवलं. पार्बताबाईंना गळा नाही, त्या स्वतःच सांगतात. दोन ओळी आल्या, तिसरी आठवेना. म्हणाल्या, इथं तिनं असा वर नेला होता आवाज, आणि हातानं दाखवलं, किती वर. मी हात पाहिला. मग म्हणाल्या, तुमचे सासरे तिथे त्या कोपऱ्यात बसले होते, डोक्यावरची टोपी तोंडावर धरून.

मी त्या दोन ओळी त्यांच्याकडून पुन्हा म्हणून घेतल्या. विसरू नयेत म्हणून मनातल्या मनात म्हणतच निघालो. मध्ये फक्त एक कुंपण आणि विहीर आहे. पण घरी येईस्तोवर शब्द तेवढे राहिले, चाल माझीच झाली.